उमाकांत सरांचा पूर्णांक

उमाकांत सर गेल्याचा निरोप क्लासच्या जुन्या ग्रुपवर आला, तेव्हा मी लातूरच्या ऑफिसात डबा उघडत होते. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. मीही एक टाकलं आणि जेवले. त्याला आता महिना झाला...

नांदेडला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी अहमदपूरजवळच्या खेड्यातून आलेली, मावशीकडं राहायचे. जावास्क्रिप्टच्या पहिल्याच आठवड्यात मी हात वर करून विचारलं, "सर, व्हेरिएबलमधी पूर्णांक हाय का न्हाई, ते कसं बघायचं?" सरांनी माझा सूर हुबेहूब काढला. "हाय का न्हाई?" मग मला फळ्यापाशी उभं करून 'आहे, नाही' वीस वेळा म्हणायला लावलं. सगळा वर्ग हसत होता. उत्तर मात्र त्यांनी फार छान समजावलं: एकानं भागा, बाकी शून्य उरली की पूर्णांक. मी ते रडत रडत वहीत उतरवून घेतलं. पुढं वर्षभर त्यांच्या तोंडी माझं नाव 'न्हाईबाई' होतं.

पुढं मुलं मोबाइलवरच शिकायला लागली आणि सरांचा क्लास बंद पडला. यंदा आमच्याकडं जागा निघाली तेव्हा अर्जांमध्ये त्यांचं नाव दिसलं. टाळता आलं असतं. मी त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि सोबत दोन ज्युनिअर मुद्दाम बसवले. मला पाहून सरांचा चेहरा उजळला. "वंदना! तू इथं?"

"बसा," मी म्हणाले, आणि पूर्णांक तपासायचा कोड लिहायला सांगितला. त्यांनी झरझर लिहिला. तेच, एकानं भागून बाकी शून्य. मी त्या कोडला आत काहीच नसलेली स्ट्रिंग, म्हणजे नुसती रिकामी अवतरणचिन्हं, दिली आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. तीही पूर्णांक ठरली होती. "सर, इथं तर काईच न्हाई. तरी तुमचा कोड म्हणतो, पूर्णांक हाय." 'न्हाई' आणि 'हाय' मी चांगले लांबवून म्हणाले. ज्युनिअर हसले.

भागताना जावास्क्रिप्ट रिकाम्या स्ट्रिंगला शून्य धरतं. म्हणून आधी ती संख्या आहे का ते बघायचं, नाहीतर सरळ भाषेतलंच तयार Number.isInteger वापरायचं. दोन वाक्यांचं काम होतं. सर पुढं झुकून खालच्या आवाजात म्हणाले, "हे कसं झालं गं? सांग ना."

"इथं शिकवायला वेळ नाही, सर. या तुम्ही."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू...

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा दिला. "तुमीच वंदना का? लई सांगायचे. माझी विद्यार्थिनी हाय तिथं, तिनं घेतलंय मला, निस्ता फोन यायचा राहिलाय म्हणायचे."

मी असं काहीच म्हणाले नव्हते. भलतंच विचारून बसले, "घरी सरही असंच हाय-न्हाई बोलायचे?"

"मग कसं बोलतील? देगलूरकडच्या खेड्यातले आमी." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "फोन करणार व्हता ना तुमी?"

"हाव," मी म्हणाले. "करणारच होते."

त्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते. सरांनी तिथं खुर्ची ओढून ठेवली होती, चार्जरची वायर गजाला दोऱ्यानं बांधली होती. दिवसभर तिथंच बसायचे, जेवणाचं ताटही तिथंच मागायचे, काकू सांगत होत्या. खुर्ची त्यांनी हलवलेली नाही. वायर गजाला तशीच लोंबत होती, आणि भिंतीवरचं बटण चालू होतं.