काम शेवटी सांगणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका सभ्य माणूस सातारा-सांगलीच काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, आणि त्यांच्या सभ्यतेनं भोवतालच्या माणसांना जेवढं दमवलं तेवढं एखाद्या भांडखोरानंही दमवलं नसेल. कवठे महांकाळच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग आहे. तरुणपणी फौजेत ट्रक चालवले, आता एक जुनी पांढरी गाडी चालवतात. कामाचं बोलणं शेवटी, हा त्यांचा धर्म. आधी ख्यालीखुशाली, मग पाऊसपाणी, मग पोरंबाळं, मग जनावरं, आणि निघताना चपलेत पाय घालता घालता काम. माझ्या मुलीला मागणी घालायला ते आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी आले तेव्हा दुपारभर बसले, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी केली, द्राक्षांवरच्या रोगावर बोलले, दोनदा चहा घेतला आणि निघून गेले. आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. थोड्या वेळानं फाटक वाजलं. ‘‘म्हंजे, ते पोरीचं... तुमची काय हरकत न्हाई न्हवं?’’ एकदा त्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. शेजाऱ्याची पाण्याची मोटर चालू करून घ्यायला पळत गेले आणि दारात उभे राहून पहिलं काय विचारलं, तर ‘‘मामा, गुडघा कसा हाय आता?’’ विहीणबाई अजून म्हणतात, निम्मी गंज त्या गुडघ्यापायी जळाली.

गाडीवर त्यांचा भारी जीव. मोकळी गाडी न्यायची म्हणजे त्यांना पाप वाटतं. वाटेत हात करणारा प्रत्येक माणूस आत. म्हातारी, तिची बोचकी, एकदा तर करडूसुद्धा. फौजेची गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचा हात सुटून कपाळाला जातो. चढ संपला की गाडी बाजूला घेऊन म्हणतात, ‘‘जरा दम खाऊ द्या तिला.’’ माझ्यासारख्या घाईच्या माणसाला त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे परीक्षाच. पण मुलीचा बाप काय बोलणार?

मागच्या वर्षी फोन कानाला लावून कुणाच्या तरी म्हशीची विचारपूस करताना त्यांची गाडी रस्त्याकडेच्या चरीत गेली. कुणाला लागलं नाही, पण आमचे जावई पुण्याहून कडाडले, ‘‘अण्णा, बास. गाडी विकायची.’’ त्यानंतर व्याही रोज अंगणातल्या गाडीत काचा लावून नुसते बसून राहायला लागले. जावयांना ते बघवेना. त्यांनी एक अॅप आणलं. फोनला हात लावायचा नाही. स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि तोंडानं सांगायचं. फोन लावणं, कामाची आठवण ठेवणं, सगळं अॅपातली बोलणारी बाई करणार. व्याह्यांच्या भाचीच्या साखरपुड्यापर्यंत हे जमलं तर गाडी राहील, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, असं ठरलं. मी कॉलेजच्या ऑफिसात संगणकापुढे बसतो, एवढ्या पुण्याईवर ते जमवायची जबाबदारी माझ्यावर आली.

आता काय सांगू? मी गाडीत बसून ‘उद्या खताच्या दुकानात फोन’ म्हणालो की बाई निमूट ऐकायची. व्याही एकटे गाडी घेऊन गेले की एकही काम तिच्या ध्यानात राहायचं नाही. मी अॅप काढून परत घातलं. भाषा बदलून बघितली. एसीच्या आवाजावर संशय घेतला. सांगलीतल्या दुकानात नेऊन माइक बदलून आणला. काही फरक नाही. एकदा तर भर दुपारी, अंगणात आम्ही दोघं गाडीत बसलेलो असताना, गाडी आपणहून बोलली, ‘‘आठवण. राम राम ताई, बरं हाय न्हवं, पोरंबाळं काय म्हणत्यात?’’ मी दचकलो. व्याही हरखले. ‘‘बघा पाव्हणं, तिनंबी राम राम घातला!’’ मला रात्रभर काही उलगडा होईना.

साखरपुडा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला होता. जावई पुण्याहून परस्पर तिकडे येणार आणि तिथंच गाडीचा निकाल लावणार. मी पुढे बसलो, विहीणबाई मागे. पेठ नाका मागं पडल्यावर व्याह्यांनी बटण दाबलं. टिंग झालं. ते ताठ बसले, टोपी सारखी केली.

‘‘राम राम ताई. बरं हाय न्हवं? जेवान झालं का? आमच्याकडं ढगाळ हाय बगा, तुमच्याकडं कसं काय?’’

परत टिंग झालं. बाई ऐकायची थांबली. मग व्याही म्हणाले, ‘‘बरं, येताना कराडात फवारणीचं औषध घ्यायचंय, तेवढं ध्यानात ठेवा.’’

‘‘आवं, त्या बयेच्या जेवणाचं काय घेऊन बसलाय!’’ मागून विहीणबाई. ‘‘काम सांगा की!’’

‘‘सकाळधरनं राबतीया बिचारी. तोंड उघडल्या उघडल्या काम सांगायचं?’’

‘‘मशीन हाय ती!’’

‘‘मशीन येवढं गोड बोलतंय व्हय?’’

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी म्हणालो, ‘‘व्याही, ती क्षणभरच ऐकते हो, तुमचा राम रामच काम म्हणून लिहून घेते. तेवढ्यात नुसतं काम सांगायचं. एका दमात. फौजेत ऑर्डर देतात तसं. नाहीतर गाडी...’’

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग बटण दाबलं आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, ‘‘कराडात औषध घेणे. आठवण करणे.’’

‘‘नोंद केली,’’ बाई म्हणाली.

मी टाळी वाजवली. विहीणबाईंनीसुद्धा ‘‘सुटलो बाई!’’ म्हणून पिशवीतला लाडू पुढे केला. व्याह्यांनी घेतला नाही. कराड गेलं, सातारा गेलं, वाटेत हात करणाऱ्याला आत घेतलं, उतरवलं, पण त्याची ख्यालीखुशाली विचारली नाही. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर म्हणाले, ‘‘पाव्हणं, फौजेत सायेब आमास्नी असंच बोलायचं. तवा ठरवलं हुतं, आपन कवा कुनाला असं बोलायचं न्हाई.’’

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

खंडाळ्यात जावयांनी त्यांना गाडीत बसवून पाच-सहा कामं सांगायला लावली. सगळी जमली. ‘‘बाबा, कमाल केलीत,’’ ते मला म्हणाले. गाडी राहिली. व्याह्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. तो हात बघून वाटलं, झालं ते बरंच झालं.

अजूनही तसं वाटतं, पण रोज नाही. व्याही आता त्या अॅपमध्ये पटाईत झाले आहेत. जावई चारचौघांत कौतुक करतात. काम एका दमात, शब्द मोजके. परवा सकाळी मला त्यांचा फोन आला.

‘‘पाव्हणं, गुरुवारी साताऱ्याला जायचंय. आठला तयार राहा.’’

फोन बंद झाला. मी ‘‘हो, हो’’ म्हणेपर्यंत पलीकडे कुणी नव्हतं.

बायकोनं आतून विचारलं, ‘‘कोण, व्याही का? काय म्हणाले?’’

‘‘गुरुवारी साताऱ्याला जायचंय.’’

ती पदराला हात पुसत बाहेर आली. ‘‘आणि?’’

‘‘आणि काही नाही.’’

‘‘बरे आहेत ना ते?’’ ती म्हणाली.