मामाच्या आधीचा घास

बहात्तरच्या दुष्काळात माझी लेक सात महिन्यांची झाली आणि माझं दूध आटलं. आमच्याकडं मामानं उष्टावण केल्याशिवाय बाळाच्या तोंडी अन्न लावत नसत, आणि माझा भाऊ तर ऊसतोडीला गेलेला. सासूनं बजावलं, "मामाच्या आधी घास दिलास, तर पोर हाती लागायची न्हाई."

भूक काय मामासाठी थांबते? दुष्काळी कामावर आम्हा मजुरांना गोड, भरड पिठाची सुकडी मिळायची. एका दुपारी रडून रडून लेकीचा आवाज बसला, तेव्हा बाभळीआड जाऊन मी सुकडी पाण्यात कालवली आणि बोटानं तिला चाटवली. तिला ठसका लागला. सासूचा शब्द खरा होतो की काय! पण लेकीनं माझं बोट सोडलं नाही. मग रोज चोरून चारत राहिले, रोज घाबरत राहिले.

महिन्यानं भाऊ आला. त्यानं खिरीची वाटी उचलताच लेकीनं लांबूनच आ केला. माझी मान वर होईना.

सासू जवळ सरकली. "रोज पोरीच्या तोंडाला सुकडीचा वास यायचा," ती हळूच म्हणाली. "तुझ्या नवऱ्याआधी मला एक लेक हुती. मी मामाची वाट बघत बसले."