सोनीला विचारून

स्वतःवर इतका अविश्वास असलेला माणूस मी उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. कर्जतजवळच्या एका लहान गावात राहणारे माझ्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते घराला कुलूप लावून निघाले की निदान दोनदा परत येऊन कुलूप ओढून बघत. एकदा अशाच फेऱ्यांत त्यांची एसटी चुकली, आणि ती खरंच गेली का हे विचारायला ते पुन्हा थांब्यावर गेले. लग्नातला फोटो दाखवला तर स्वतःवर बोट ठेवून विचारायचे, "ह्यो मीच ना?" एका वाटसरूने त्यांना त्यांच्याच गावची वाट विचारली, तेव्हा म्हणाले, "हीच आसंल. पर फुडं कुनाला तरी इचारा." एवढं सांगून ते स्वतः त्याच वाटेने घरी आले.

अशा माणसाच्या गळ्यात एक शिंगरू पडलं. त्यांची घोडी व्याली आणि आठवड्यातच गेली. मागे राहिलेल्या त्या काटकुळ्या पोरीला काकांनी शेळीच्या दुधावर जगवलं. नाव ठेवलं सोनी. ती पाठीवर ओझं घेण्याजोगी झाली, तसे गावातले जाणते सांगू लागले की आता चाबूक दाखवा, नाहीतर डोक्यावर बसेल. काकांना चाबूक धरता येतो की नाही याचीच शंका. ते आपले खोगीर हातात घेऊन समोर उभे राहत आणि विचारत, "ठिवू का गं?" तिने कान मागे पाडले की खोगीर परत खुंटीला. महिनाभर तिच्या पाठीवर ज्वारीचं रिकामं पोतं बसलं, काका बसले नाहीत. पण बसले त्या दिवशी सोनी अशी चालली, जणू पाठीवर पाण्याची भरली घागर आहे. दाव्याने बांधायची गरज तिला कधी पडली नाही. काकांनी बांधावरून हाक मारली की ती शेताच्या दुसऱ्या टोकाहून दौडत यायची.

त्या हिवाळ्यात तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं, आणि त्यात नव्याने शिकवलेल्या शिंगरांची स्पर्धा होती. मावशीने परस्पर नाव देऊन टाकलं. काकांना जेवण जाईना. "आगं, मी कुठं शिकिवलंय तिला? तीच शिकली आपली आपन," ते मावशीला म्हणाले.

"मंग तिच्यासाठी चला," मावशी म्हणाली. "तुमी नुसतं वर बसा."

मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो, मुद्दाम बघायला आलो. घोडदळाच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले एक मिशाळ सुभेदार परीक्षक होते. शिंगरू चालवायचं, दुडकी धरायची आणि शेवटी वाजत्या हलगीजवळून न बिचकता न्यायचं. काकांच्या आधीची दोन शिंगरं हलगी कडाडताच उधळली, एकाने तर स्वाराला थेट कडब्याच्या गंजीत टाकलं. काकांचं नाव पुकारलं. ते मावशीला म्हणाले, "आपुन घरी जाऊ." मावशीने सोनीचा लगाम त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

काकांनी खोगिराचा पट्टा इतक्यांदा तपासला की लोक हसू लागले. चाल झाली, दुडकी झाली. हलगी वाजली आणि सोनी थरथरून जागीच थांबली. काका खाली उतरले. मैदानात हशा पिकला. काकांचे कान लाल झाले होते, हे मला लांबून दिसलं. पण ते सरळ हलगीवाल्याकडे गेले, त्याला थांबवून हलगीवर तळहात ठेवला आणि सोनीला म्हणाले, "बघ, कातडंच हाय. जायाचं का?" तिने मान लांब करून हलगी हुंगली, फुरफुरली. काका पुन्हा वर बसले. या वेळी हलगी कानाशी कडाडत असताना सोनी तिथून शांतपणे गेली. 

उतरल्याबद्दल गुण कापले गेले आणि तिसरा नंबर आला. पितळी तांब्या देताना सुभेदार म्हणाले, "पहिला नंबर देता येत नाही. पण माझं शिंगरू असतं, तर तुमच्याच हाती दिलं असतं." काकांनी तांब्या उलटसुलट करून पाहिला. "दुसऱ्या कुनाचा तर न्हाई ना?"

पुढे पाऊस दडी मारून बसला. चारा संपला, विहिरीने तळ दाखवला. मावशीचा चुलतभाऊ कोपरगावकडे कालव्याच्या पाण्यावर ऊस करायचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांना, वाढ्यांना, तोटा नव्हता. काका सोनीला पायी तिकडे सोडून आले. पाऊस पडला की आणू, असं ठरलं होतं. पाऊस पडला तेव्हा ती गाभण होती, मग शिंगरू अंगावर पीत होतं, आणि मग कुणी विषय काढेना.

काही वर्षांनी मी आणि काका तिकडे एका लग्नाला गेलो. जेवणं झाल्यावर काका मला उसाच्या कडेने घेऊन गेले. कालव्यापलीकडे सोनी चरत होती. अंगाने भरली होती. शेजारी तिच्याच रंगाचं शिंगरू उड्या मारत होतं. काका एका बाभळीआड उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. मग वळले आणि थांब्याकडे चालू लागले.

"काका, हाक तरी मारायची!" मी म्हणालो.

"आली आसती रं," ते म्हणाले. "मंग तिला म्हागारी जा, आसं कोन म्हननार?"

एसटी आली. उसाचे फड मागे पडून माळरान लागलं, तरी काका खिडकीतून मागेच पाहत होते.