वाचून समजावून सांगितले

लॉच्या पहिल्या वर्षाला आम्हाला इंग्रजी शिकवायला एक निवृत्त वकीलबाई होत्या. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात अर्धा वर्ग सिंधी, इंग्लिश मीडियमचा. उरलेले आम्ही अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी शाळांतून आलेले. बाईंनी पहिल्याच दिवशी शंभर पानी वही आणायला लावली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि खाली एक वाक्य. वाक्य मात्र आपल्या घरातलं हवं, पुस्तकातलं चालणार नाही. "घरच्या माणसाला सांगता आला नाही, तर तो शब्द तुम्हाला आलेलाच नाही," असं त्या म्हणायच्या. मला हा निव्वळ जाच वाटायचा. आमच्या घरात कोण कशाला इन्जंक्शन, म्हणजे कोर्टाचा मनाईहुकूम, आणणार होतं?

माझी सोय आत्यानं केली. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती अंबरनाथला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि घरी बसून जीन्सचे धागे कापायची. दर अकरा महिन्यांनी तिचा लीव्ह अँड लायसन्सचा नवा करार व्हायचा आणि मालक ठेवतो की काढतो, या धास्तीत ती दर वेळी अर्धी व्हायची. मी लॉला गेल्यावर ती करार घेऊन थेट आमच्याकडे बदलापूर गावात येऊ लागली. चहाचा कप हातात, मांडी घालून माझ्यासमोर. "हां, वाच बाय. सोडू नको काय." मी एकेक शब्द फोडून सांगायची. लायसन्सर म्हणजे मालक. लायसन्सी म्हणजे तू. टर्मिनेशन म्हणजे तुला कधी काढता येईल ते. लॉक-इन म्हणजे तेवढे महिने मालक आपल्याला हलवू शकत नाही, हे कळल्यावर तिनं त्याच्याशी भांडून तीनाचे सहा महिने करून घेतले. वहीतली पहिली चाळीसेक वाक्यं तिचीच आहेत. बाईंनी शेजारी 'छान' असं लाल शाईनं लिहिलंय.

मी शेवटच्या वर्षाला असताना चिखलोलीला स्टेशन होणार म्हणून तिथल्या जमिनींना भाव आला. आजोबांची थोडी जमीन होती. ते गेल्यावर सातबाऱ्यावर वडील, काका आणि आत्या अशी तिघांची नावं लागली होती. बिल्डर जमिनीच्या बदल्यात फ्लॅट देणार होता. आत्याला एक वन रूम किचन जरी मिळालं असतं, तरी अकरा महिन्यांची कटकट जन्माची मिटली असती. ती मला म्हणालीही होती, "माझा ब्लॉक झाला का तुझा वाचायचा ताप गेला."

पण आमच्याकडे बहिणी जमिनीत वाटा घेत नाहीत. त्या सही देतात आणि भाऊ त्यांना साडी देतात. बिल्डरच्या वकिलानं चार पानांचं रिलीज डीड, म्हणजे हक्कसोडपत्र, पाठवलं, इंग्रजीत. मी ते वाचलं आणि, सांगायला लाज वाटते, मला आधी आनंद झाला. त्यात मला न येणारा एकही शब्द नव्हता. रिलिंक्विश. इर्रिव्होकेबल. नॅचरल लव्ह अँड अफेक्शन. म्हणजे भावांवरच्या प्रेमापोटी, काहीही मोबदला न घेता, आत्या आपला हक्क कायमचा सोडत होती. नोंदणीच्या दिवशी घरातून निघताना वडील म्हणाले, "तिला एकेक शब्द फोडून सांगत बसू नको. उगाच घाबरते ती." मी डीड पिशवीत घातलं. नव्या फ्लॅटमध्ये मला वेगळी खोली मिळणार होती. मिळाली. तिथेच बसून हे लिहिते आहे.

नोंदणी कार्यालयात आत्या ठेवणीतली साडी नेसून आली होती. बाकड्यावर माझ्या शेजारी बसली आणि तिनं कागद माझ्याकडे सरकवले. "हां, वाच बाय."

समोर वडील आणि काका उभे होते. मी पहिलं पान उघडलं. "बाबा, काका आणि तू, तिघांची नावं आहेत. जमीन बिल्डरला द्यायला तुझी हरकत नाही, असं लिहिलंय."

"नि पुढं? चार पानं हायेत ना?"

"बाकी नेहमीचंच."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सही केली, मशीनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती: वरील मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला. त्याखाली मी सही केली, चांगली वळणदार. बाहेर काकांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. साडी वडिलांनी आधीच आणून ठेवली होती.

पुढच्या महिन्यात कुणाला कोणता फ्लॅट, याची यादी आली. ती ऐकून आत्या घरी आली. "माझा कुठला?" तिनं दारातूनच विचारलं. वडिलांनी कपाटातून डीड काढून शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "तू सही दिलीस ना, ताई. हिनंच तुला वाचून दाखवलं. ही बघ हिची सही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मालकाशी भांडते तशी भांडेल, असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती सही नीट पाहिली, मला "चहा नको टाकू" म्हणाली आणि निघून गेली.

तिचा करार कधी संपतो ते मला पाठ होतं. ती तारीख आली, गेली. आणखी पंधरा दिवस गेले, तरी आत्या आली नाही. शेवटी मीच फोन केला. "आत्या, करार झाला का? घेऊन ये ना, वाचते."

"झाला की. एजंटनं दाखवला."

"नीट वाचला ना त्यानं? लॉक-इन किती ठेवलाय?"

"ते काय म्हाईत नाय. भाडं नि तारीख सांगितली त्यानं." तिचा आवाज अगदी शांत होता. "बाकी नेहमीचंच असतं ना, बाय?"