ब्रश दगडाला लागला तेव्हा

माझी मुलगी कर्लिंग खेळते, हे इकडे परदेशात, नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी मंडळींना मी अजूनही हातवारे करून सांगतो. ग्रॅनाइटचा जड दगड बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्यापुढे धावत लांब दांड्याच्या ब्रशनं बर्फ घासायचा, म्हणजे दगड लांब जातो. "फरशी पुसायची स्पर्धा म्हणा की!" एक काका म्हणाले होते. मीही हसलो होतो. त्या खेळासाठी तिनं नोकरी अर्धवेळ केली. यंदा राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही तर थांबायचं, असं तिनंच ठरवलं होतं.

पात्रतेचा तो शेवटचा सामना. आम्ही प्रेक्षक काचेमागे उबेत बसलो होतो. शेजारी समोरच्या संघाच्या कॅप्टनचे म्हातारे वडील होते. शेवटचा दगड आमच्या मुलींचा. बर्फावर आखलेल्या वर्तुळाच्या मधोमध थांबला की जिंकलो. आमच्या कॅप्टननं तो सोडला. माझी मुलगी घासत पुढे निघाली आणि अर्ध्या वाटेत तिचा ब्रश दगडाला चाटून गेला. इतका हलका, की दगडाची चालही बदलली नाही.

असं झालं की ज्याचा ब्रश लागला त्यानंच सांगायचं, ही या खेळाची रीत. मग तो दगड बाद.

"डिड शी टच इट?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नो, नो," मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही. मनात एवढंच होतं, बोलू नकोस गं, कुणी पाहिलेलं नाही.

तेवढ्यात तिनं हात वर केला. पायानं दगड अडवला आणि बाजूला सारला. सामना संपला. आम्ही हरलो.

नंतर जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं असतं, सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसून. मी तिच्या कानाशी म्हणालो, "दमली असशील, निघूया."

"बाबा, असं निघत नाहीत. इट्स रूड." तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती.

समोर ते म्हातारे. शेवटी मी त्यांना म्हणालो, की तुम्ही विचारलंत तेव्हा मला दिसलं होतं.

"मी टू," ते म्हणाले आणि चिप्सची बशी माझ्याकडे सरकवली.

मुलीनं ते ऐकलं. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं,

"मी बोलू नये असं वाटत होतं तुला?"

"हो."

"थँक गॉड, तू खेळत नाहीस." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मागच्या सीटवर तिचा ब्रश होता. वळणावर तो घसरून कधी या दारावर, कधी त्या दारावर आपटायचा. पुढच्या वर्षाचं ती काही बोलली नाही. पुढच्या वळणावर मी गाडी हळू घेतली.