रंध्याची पाती

रविवारी सकाळी, साठ हजार रुपये घेऊन, मी आणि आमचे सुतार विष्णूमामा माझ्या हौसेच्या सुतारकामासाठी लाकूड तासायचं रंधा मशीन घ्यायला गेलो. तीन लांब पात्यांचं मशीन बेचाळीस हजारांना होतं. दुकानदाराने त्यावर सागाची फळी सरकवली. गाठ येताच पाती किंचाळली आणि फळी उसळून भिंतीवर आदळली. छोट्या चौकोनी पात्यांच्या मशीनने तसलीच गाठ मुकाट कापली. त्याचे साठ.

“यात बोटं वाचतात का?” मी विचारलं.

मामांनी डाव्या हाताची दोन थोटकं नाचवली. “बोटं दोन्ही खातात, साहेब. हे फळी अंगावर फेकत नाही, एवढंच.”

घरच्या गुळगुळीत टेबलावरून मी रोज हात फिरवतो. ते मामांनीच केलेलं. ते गुळगुळीत होताना त्यावर झालेले पात्यांचे वार मी कधी मोजले नव्हते.

दुकानदाराला साठ हजार दिले. हात पात्यांपासून लांब ठेवून फळी ढकलायला मामांनी मला स्वतःचा ठोकळा दिला, त्याचे काहीच घेतले नाहीत. बोटं गेल्यावर त्यांनी तो बनवला होता.