हिरवा देठ

नात फ्रिज उघडते, खोक्यातला द्राक्षांचा घड वर धरते, देठ बघते आणि दार लावते. सकाळपासून तिचं हेच चाललंय. याच तोडणीची द्राक्षं भरलेला तिचा पहिला कंटेनर समुद्रापलीकडे, आपल्यासारख्याच एका धडपडणाऱ्या देशाच्या बंदरात अडकलाय. आपल्याकडे ई-मेलवरचा होकार करार म्हणून चालतो. तिकडच्या कायद्याला शाईची सही असलेला मूळ कागद लागतो, त्याशिवाय माल सुटत नाही. कागद विमानाने निघालाय, पण द्राक्षं थोडीच थांबतात? इथला देठ तपकिरी झाला, की तिथलाही झाला म्हणायचा.

“आजी, तू वकील ना? व्यापाराचा कायदा सगळीकडे एकच का नाही गं करत?”

लॉ कॉलेजात मी याच विषयावर टेबल बडवून भाषण ठोकलं होतं. कायदा एक झाला की व्यापार वाढेल, गरीब देश वर येतील! टाळ्या घेऊन बाईसाहेब घरी आल्या, आणि आमटीत गूळ किती यावर जाऊबाईंशी एकमत होईना. म्हणे जग एक करणार!

पण भाषण खोटं नव्हतं. प्रत्येक देश आपापल्या आमटीला जपत बसतो, आणि मधल्या मध्ये कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांची माती होते.

पुन्हा फ्रिज उघडला. देठाच्या टोकाला तपकिरी छटा आली होती.

“आजी, हिरवाच आहे ना?”

“माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे,” मी म्हटलं.

चष्मा माझ्या नाकावरच होता. तिलाही तो दिसला नाही.